माळरानावरचा मातीचा मनोरा : अंदाजपत्रकात काय हवे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुपे, रेहेकुरी, नान्नज या पट्ट्यातल्या गवताळ माळांवर चिंकारा, काळवीट, लांडगे पाहायला येणाऱ्यांची गर्दी वाढते आहे आणि त्यांच्यासाठी निरीक्षण मनोऱ्यांची मागणी होते आहे. मनोरा म्हटले की डोळ्यांसमोर दोनच नमुने येतात. एक, लोखंडी अँगलचा सांगाडा आणि त्यावर हिरवा ऑइलपेंट. दुसरा, काँक्रीटचे खांब आणि त्यावर झाडाच्या सालीचे नक्षीकाम, म्हणजे उद्यानात कचरापेटीला देतात तसले. दोन्ही निसर्गाशी ‘एकरूप’ होण्यासाठी म्हणून बांधतात. पण माळ हिरवा असतो तो पावसाळ्यात आणि त्यानंतर थोडे दिवस. दिवाळीनंतर पवन्या, कुसळी, मारवेल सगळे वाळून पिवळे पडते, मधून तांबूस मुरूम दिसतो, आणि त्या पिवळ्या-तांबड्यात हिरवा मनोरा मैलावरून ओळखू येतो.

या माळांवर तिथल्याच मुरमाड मातीचा, कुटून केलेला बुटका बुरूज बांधता येतो. त्यात काय लागते आणि कुठे चुकते ते तपशिलाने लिहीत आहोत, कारण ‘मातीचा मनोरा’ एवढे दोन शब्द घालून निविदा निघाली, तर दुसऱ्या पावसाळ्यात ढिगारा उरेल आणि खापर मातीवर फुटेल.

कल्पना नवी नाही. चीनमध्ये दुनहुआंगजवळ हान काळातले टेहळणीचे बुरूज खडी-माती आणि बोरू-झाऊच्या फांद्यांचे थर देऊन बांधलेले आहेत. दोन हजार वर्षांनंतरही त्यातले काही उभे आहेत. अलीकडचे उदाहरण बेल्जियमचे. मास नदीकाठी डिल्सन-स्टोकेम इथे, गोटे-रेती उपसून संपलेल्या खाणीच्या जागी, २०१६ मध्ये नेगेनोर्डचा निरीक्षण मनोरा कुटलेल्या मातीत उभा राहिला. मात्र दोन्हींची नक्कल इथे चालणार नाही. दुनहुआंगला वर्षाला जेमतेम ४० मिलिमीटर पाऊस. बेल्जियमचा पाऊस वर्षभर थोडा थोडा झिमझिमतो. आपल्या पर्जन्यछायेत वर्षाचा आकडा पाचशेच्या आसपास असला, तरी त्यातला मोठा हिस्सा चार-सहा झोडपणीत आणि वाऱ्यासकट येतो. आपल्याकडच्या गढ्या पाहाव्यात : खाली काळ्या दगडाचे जोते, वर पांढऱ्या मातीचा बुरूज. त्या ढासळल्या त्या वरून. माथ्यावरचे छत गेले, पाणी आत मुरले, आणि उरलेसुरले लोकांनी धाब्यावर घालायला खणून नेले.

मातीचा बुरूज स्वतःच्या वजनाने पडेल ही भीती मात्र काढून टाकावी. खाली सुचवलेल्या मापांच्या बुरुजात साधारण ४० घनमीटर, म्हणजे ८० टन कुटलेली माती बसते. तिचा भार तळाशी चौरस मीटरला नऊ-दहा टन येतो. नीट कुटलेली मुरमाड माती चौरस मीटरला शंभर टन सहज पेलते. वजनाची काळजी करण्याचे कारण नाही. सगळी काळजी पाण्याची करायची.

आता जागा. माळावर उंच मनोऱ्याची गरजच नसते. गवत गुडघ्याएवढे, नजर अडते ती फक्त विलायती बाभळीने किंवा हौसेने लावलेल्या ग्लिरिसिडियाने. मचाण जमिनीपासून ४.२ मीटरवर असले की उभ्या माणसाची नजर पावणेसहा मीटरवर जाते, ती पुरते. उंचीचा मोह टाळला की अर्धे प्रश्न सुटतात. टेकाडाच्या माथ्यावर मनोरा बांधणे ही सर्रास होणारी चूक आहे. तिथून दिसते छान, पण मनोराही आभाळावर काळा ठसा उमटवतो आणि माथ्यावर माणूस हलला की हरणाला तो सर्वांत आधी दिसतो. जागा ठरवायला सात मीटरचा वेळू घ्यावा, टोकाला फडके बांधून उभा करावा आणि पाणवठ्यावर जाऊन वाकून, म्हणजे जनावराच्या डोळ्याच्या उंचीवरून पाहावे. फडक्यामागे आभाळ दिसले तर वेळू उतारावर आणखी खाली आणावा. फडक्यामागे गवत किंवा मुरूम दिसेपर्यंत खाली येत राहावे. या कामाला एक सकाळ लागते आणि एक पैसा लागत नाही, तरी ते कोणी करत नाही.

मनोरा पाणवठ्याच्या दक्षिणेला ठेवावा, म्हणजे पाहणाऱ्याचे तोंड उत्तरेकडे राहते. आपल्या अक्षांशावर सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा सूर्य बाजूला राहतो आणि हिवाळ्यात तर पाठीशी. पाणवठ्यापासून अंतर शंभर मीटरच्या आत नको. पावसाचा मारा पश्चिम आणि नैर्ऋत्येचा, म्हणून दार पूर्वेला. दारापर्यंतची पाऊलवाट कमरेएवढ्या मातीच्या बांधामागून आणावी. भिंतीआड गेलेला माणूस जनावराला चालतो, उघड्यावरून चालत येणारा चालत नाही.

मातीबद्दल लोकांचा सर्वांत मोठा गैरसमज असा की चिकट ती चांगली. काळी माती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. भिंतीला ती विष आहे. तलावातला गाळ ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या सरकारी योजनेमुळे स्वस्तात मिळतो म्हणून तो भिंतीत घालायची सूचना हमखास येते. तो शेतालाच बरा. कुटलेल्या भिंतीला साधारण दोन तृतीयांश वाळू-खडी, १० ते २० टक्के चिकणमाती आणि बाकी बारीक पोयटा असा मुरूम लागतो. वरचा वीतभर थर मुळ्या आणि कुजकट असल्यामुळे बाजूला काढायचा. तपासणी जागेवरच होते. काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ. हलवून एक दिवस ठेवली की तळाशी वाळू, मध्ये पोयटा, वर चिकणमाती असे थर पट्टीने मोजता येतात. पण निकाल द्यावा तो आकसण्याच्या चाचणीवर. ६० सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद-खोल लाकडी साच्यात आतून तेल लावून ओली माती ठासायची आणि आठवडाभर सावलीत वाळवायची. कडेची फट १२ मिलिमीटरच्या वर गेली तर माती जास्त चिकट आहे, तीत वाळू मिसळावी. वाळलेली पट्टी हातात भुगा होत असेल तर उलट.

ही माती अभयारण्याच्या हद्दीत खणायची नाही आणि गढीची तर मुळीच नाही. गावात विहीर, शेततळे किंवा रस्त्याचे खोदकाम चालू असेल तिथला मुरूम घ्यावा. मोठे दगड चाळून काढल्यावर आणि कुटून बसल्यावर हिशेब असा पडतो : सुमारे २५ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरूम, म्हणजे तेवढ्याच ट्रॉल्या. वर पाच ब्रास ठेवणीची. तिचे कारण शेवटी सांगतो.

बुरूज बाहेरून ५.४ मीटर व्यासाचा, भिंत ६० सेंटिमीटर. गोल आकार शोभेसाठी सुचवलेला नाही. कच्छमधले भुंगे, म्हणजे मातीची गोल घरे, २००१ च्या भूकंपात चौकोनी घरांपेक्षा बरे टिकले, कारण गोलाला कोपरा नसतो आणि तडा कोपऱ्यातून सुरू होतो. फळ्या वाकवणे जमत नसेल तर बारा बाजूंचा करावा, सरळ फळ्यांत होतो आणि लांबून गोलच दिसतो. भारतीय मानक १३८२७ मातीच्या भिंतीची उंची जाडीच्या आठपटीच्या आत ठेवायला सांगते. ६० सेंटिमीटरला ती ४.८ मीटर येते. जोत्यापासून कठड्याच्या माथ्यापर्यंत आपली माती ४.७ मीटर आहे. म्हणजे आणखी एक मजला चढवण्याचा आग्रह कोणी धरला तर उत्तर ‘नाही’ एवढेच.

किल्लारीच्या भूकंपाचा प्रश्न इथे निघणारच. ३० सप्टेंबर १९९३ ला जी घरे कोसळली, त्यांच्या भिंती ओबडधोबड दगड चिखलात रचलेल्या होत्या. आतला आणि बाहेरचा पापुद्रा एकमेकांना बांधणारे आरपार दगड नव्हते आणि डोक्यावर धाब्याच्या मातीचे प्रचंड ओझे होते. त्यातून शिकायचे ते दोन धडे : भिंतीला कंबरपट्टे द्या आणि माथ्यावर वजन ठेवू नका. म्हणून या बुरुजाला तीन पट्टे : जोत्यावर, मचाणाच्या पातळीवर आणि कठड्याच्या माथ्याला. १० सेंटिमीटर जाडीचे सळईचे काँक्रीट, भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून १० सेंटिमीटर आत, म्हणजे बाहेरून मातीच दिसते. यातले सिमेंट पाहून नाक मुरडणाऱ्या मंडळींनी लाकडी पट्टे घालावेत, पण सांधे तितकेच पक्के करावेत आणि वाळवीची जबाबदारी घ्यावी.

पाया मुरमापर्यंत. वर काळी माती असेल तर ती हात-दोन हात खणून पूर्ण काढायची; तिच्यावर भिंत ठेवली की पहिल्या उन्हाळ्यात उभा तडा ठरलेला. रुंदी ९० सेंटिमीटर, काळा पाषाण. जोते जमिनीच्या वर ६० सेंटिमीटर, आणि या आकड्यात काटकसर करायची नाही. पागोळ्यांचे शिंतोडे फूट-दीड फूट उडतात आणि भिंतीचा पाय तिथेच कुरतडला जातो. भोवती काँक्रीटची पट्टी ओतायची खोड आपल्याकडे आहे. कडक जमिनीवर पाणी जास्त उसळते. त्याऐवजी मीटरभर रुंद खडीचा थर, बाहेरच्या बाजूला उतार. जोत्याच्या माथ्यावर ओल अडवणारा डांबरी थर विसरला, तर जमिनीतले क्षार ओलीबरोबर चढतात आणि भिंतीचा तळ पिठासारखा भुरभुरू लागतो.

कुटण्याचे काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीअखेर संपवावे. ६० सेंटिमीटरची भिंत वाळायला महिने लागतात आणि मृगाच्या आत ती वाळलेली हवी. आर्थिक वर्ष संपताना घाईने सुरू केलेली मातीची कामे बुडतात ती याच कारणाने. सैल मातीचा थर १५ सेंटिमीटर, सात-आठ किलोच्या धुमसाने कुटून तो ९-१० वर आणायचा. ओल दहा टक्क्यांच्या आसपास. ती मोजायची रीत अशी : मूठभर माती घट्ट दाबून लाडू करा आणि छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडा. चार-पाच तुकडे झाले तर ओल बरोबर, भुकटी झाली तर कमी, चपटा होऊन चिकटला तर जास्त. हा लाडू प्रत्येक कालवणाला टाकायचा, सकाळी एकदा टाकून दिवस ढकलायचा नाही. दुपारच्या उन्हात ढीग वाळतो. थर पुरता बसला की धुमसाचा ‘थप्प’ आवाज बदलून ‘ठक्क’ येऊ लागतो. सहा माणसांची टोळी दिवसाला दीड-दोन घनमीटर कुटते, म्हणजे नुसती भिंत २०-२७ दिवसांची. पाणी सगळे मिळून एखादा टँकर. दुष्काळी तालुक्यात हाही मुद्दा लहान नाही.

सिमेंट सगळ्या भिंतीत मिसळू नये. तसे केले की मोडल्यावर ती माती पुन्हा माती होत नाही आणि रंगही करडा पडतो. तळाचे ४५ सेंटिमीटर आणि मचाणावरचा १.१ मीटरचा कठडा एवढ्यातच पाच टक्के, सुमारे २६-२७ पोती. तेवढा भाग सात दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवावा. गूळ, बेलफळ, उडीद घालण्याची यादी कार्यशाळांत ऐकायला गोड वाटते. ती चुन्याची गोष्ट आहे, कुटलेल्या मुरमाला तिचा उपयोग नाही.

छपरामुळे भिंत वाचते, असे गृहीत धरून आराखडे काढले जातात. हिशेब करून पाहा. कठड्याच्या माथ्यावर पाहायला ७५ सेंटिमीटरची मोकळी फट लागते आणि वळचण भिंतीबाहेर ९० सेंटिमीटर काढली. वाऱ्याने पाऊस ४५ अंशांत तिरपा झाला की वळचणीखालचे ९० सेंटिमीटर कोरडे राहतात. त्यातले ७५ फटीतच गेले. भिंतीच्या वाट्याला उरले वीतभरसुद्धा नाही. तेव्हा खालची साडेचार मीटर भिंत उघड्यावर आहे असेच धरून चालावे. तिच्यासाठी दर ४५ सेंटिमीटरला शहाबादी फरशीची पट्टी, १५ सेंटिमीटर रुंद, कुटतानाच थरात दाबलेली, बाहेर तीन सेंटिमीटर डोकावणारी. भिंतीवरून उतरणारे पाणी जितके लांब धावेल तितका त्याला जोर चढतो आणि ते घळ पाडते. पट्टीवर आले की ते कडेवरून सुटून खाली पडते. दहा पट्ट्यांना मिळून साधारण १७० मीटर लांबी लागते. पहिल्या पावसात वरची तीन-चार मिलिमीटर बारीक माती धुऊन जाते, आतली खडी उघडी पडते आणि त्यानंतर धूप मंदावते. कंत्राटदार आणि अधिकारी दोघेही नेमके याच वेळी घाबरतात आणि सिमेंटचा गिलावा मारून घेतात. याहून वाईट काही नाही. गिलाव्याला केसाएवढी भेग पडते, पाणी आत जाते, बाहेर यायला वाट राहत नाही आणि गिलाव्याआडची भिंत चिखल होते. बाहेरून मात्र सगळे गुळगुळीत दिसत राहते, तेही गिलाव्याचा पापुद्रा सुटून पडेपर्यंत.

छपराला नुसते गवत नको. फेब्रुवारी ते मे माळाला वणव्याची भीती असते. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेल्या वेळूचा सांगाडा, त्यावर न चकाकणारा पत्रा आणि वर त्याच माळावरच्या गवताची पातळ पेंढी, भोवती सहा मीटर जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळी ठेवलेली पट्टी. पेंढी जळली तरी पत्रा राहतो आणि पुढच्या कापणीला ती बदलता येते. छपराचे खांब मचाणाच्या पट्ट्यात नटबोल्टने धरावेत. माळावरचा वळवाचा वारा छप्पर दाबत नाही, उचलतो.

मचाणाच्या लाकडी कड्या, म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या तुळया, मातीवर टेकवू नयेत, काँक्रीटच्या पट्ट्यावर टेकवाव्यात. मधोमध एक सागवानी खांब दिला की कड्यांचा गाळा, म्हणजे दोन टेकूंमधले अंतर, २.१ मीटरवर येतो आणि ७५ बाय १२५ मिलिमीटरच्या कड्या ४५ सेंटिमीटर अंतराने पुरतात. एका वेळी दहा माणसे, जास्त नाहीत. चौदा चौरस मीटरमध्ये अकरावा माणूस दुर्बिणीच्या आड येतो. फळी आणि कडीच्या मध्ये जुन्या ट्यूबची पट्टी घालावी, म्हणजे पायाखाली कुरकुर होत नाही. जिना आतून, लाकडी, स्वतःच्या पायावर उभा, भिंतीला न अडकवलेला. चोवीस पायऱ्या, प्रत्येकी १७.५ सेंटिमीटर चढ. लोखंडी जिन्यावर बूट वाजला की पाणवठा रिकामा होतो.

खालच्या मजल्यावर बसून पाहायच्या फटी ६० सेंटिमीटर रुंद आणि २० उंच, जमिनीपासून सव्वा मीटरवर आणि मुलांसाठी दोन जरा खाली. वर दगडी पाट, दोन्ही बाजूंना ३० सेंटिमीटर टेकलेला. आत अंधार राहील अशीच रचना हवी. समोरासमोर दोन फटी काढल्या की मागून उजेड येतो आणि आतल्या माणसाची सावली बाहेरून दिसते.

आतली भिंत खांद्यापर्यंत दगडी फरशीने मढवावी. किल्लीने बदाम कोरणारी मंडळी मातीच्या भिंतीसमोर स्वतःला आवरू शकत नाहीत, आणि पाटीने ती आवरत नाहीत. वेडा राघूसारखे पक्षी मऊ मातीच्या दरडीत बिळे करतात. त्यांच्यासाठी वाटेच्या बांधाची एक बाजू उभी आणि सैल ठेवली, तर जवळून पाहायला एक गोष्ट मिळते आणि बुरुजाच्या भिंतीच्या मऊ जागाही वाचतात.

हा बुरूज सगळीकडे बांधू नये. नांदूर मध्यमेश्वरसारख्या पाणथळीत, जिथे काळी माती खोल आहे आणि गोदावरी-कादवाचे पाणी पसरते, तिथे दगड किंवा वेळूच बरा. एकदा तळ पाण्यात बसला की ६० सेंटिमीटर जोत्याचा काही उपयोग नाही.

राहिली ती ठेवणीची पाच ब्रास माती. ती बांधकामाच्याच मुरमाची, चाळलेली, ताडपत्रीखाली मनोऱ्याजवळ ठेवायची. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिमेकडची भिंत पाहून जिथे दोन बोटांपेक्षा जास्त खोल घळ पडली असेल तिथली सैल माती खरवडायची, जागा ओली करायची आणि त्याच मातीचे गोळे दाबून धुमसाच्या लहान ठोकळ्याने ठोकायचे. दुसऱ्या ठिकाणची माती आणली तर तिचा रंग वेगळा दिसतो आणि तिचे आकसणे वेगळे असल्याने ठिगळ वर्षभरात सुटते. दोन माणसांचे चार दिवसांचे काम. अंदाजपत्रकात हे काम पाच वर्षांसाठी वेगळी बाब म्हणून, दरसूचीत (सरकारी दरांच्या यादीत) नसेल तर दरविश्लेषण (दर कसा आला त्याचा हिशेब) जोडून, पहिल्याच दिवशी घालावे लागते. नंतर त्याला निधी मिळत नाही, आणि ताडपत्रीखालची माती कुणाच्या तरी अंगणात जाऊन पडते.

आपले,
माती-दगडाच्या बांधकामात काम करणारे काही वाचक